पटाश्यांची पंगत

एखाद्या जुन्या चर्चमधील वेदीमागचे कोरीवकाम पाहताना आपण द्राक्षवेल पाहतो, देवदूतांचे पंख पाहतो, त्यावरचा सोनेरी वर्ख पाहतो. ते काम चालू असताना कोरणाऱ्याच्या उजव्या हाताशी काय काय मांडून ठेवले होते, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. येण्याचे कारणही नाही. हत्यारे कशी लावून ठेवावीत, हा विषय एखाद्या साहित्यिक त्रैमासिकाची पाने अडविण्याइतका मोठा आहे काय, असे वाचकांपैकी कोणी विचारल्यास मी वाद घालणार नाही. परंतु गेली तीन वर्षे माझे सारे कोरीवकाम, आणि ते यापुढे चालेल की थांबेल हा प्रश्नसुद्धा, या एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर येऊन ठेपला आहे. म्हणून लिहितो.

मी चित्रकलेचा शिक्षक. मूळ घर वसईचे, नोकरी पुण्यात. निवृत्तीनंतर पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याच्या आत, नसरापूरला दोन खोल्या घेतल्या. येथून एक वाट वेल्ह्याकडे, राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी जाते. गावाबाहेर शिवगंगेच्या काठी, झाडीत, बनेश्वराचे देऊळ आहे. नानासाहेब पेशव्यांनी ते १७४९ मध्ये बांधविले. तेथील मोठ्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिकडच्या चर्चमधील ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतील ही एक. वसईच्या माणसाने ती प्रथम पाहिली म्हणजे त्याच्या मनात काय होते, ते वसईच्या वाचकांना सांगावयास नको. पण मला ती दाखविणाऱ्या नानांनी घंटेवर बोटांची पेरे वाजवून पाहिली व म्हणाले, “कुनाची का असंना मास्तर, ओतनाराचा हात चांगला व्हता.” कारागीर माणूस वस्तूचा मालक शेवटी पाहतो, हात आधी.

नाना जातीचे सुतार. सारा गाव त्यांना नानाच म्हणतो. बारा बलुत्यांतले काम त्यांच्या वडिलांनी केले. नांगर, कुळव, बैलगाडीची चाके, दाराच्या चौकटी. कोरीवकाम हे त्या घरातले सणावाराचे काम. कोणाच्या वाड्याला गणेशपट्टी हवी, कोणाला देव्हारा हवा, कोणाला खांबावर सुरूच्या घाटाची पाने हवीत. पुण्याच्या विश्रामबागवाड्याची लाकडी दर्शनी बाजू किंवा भोरच्या राजवाड्यातील खांब ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही परंपरा किती उंचीवर जाऊन आली आहे याची कल्पना असेल. नानांच्या वाट्याला तिचे शेपूट आले. पण त्या शेपटातही जीव होता. मी त्यांच्याकडे गेलो तो नाताळच्या गोठ्यातील मेंढपाळ करावयाचे म्हणून. चित्रे काढणारा हात लाकडाला सहज वश होईल, अशी माझी समजूत होती. नानांनी महिनाभर मला लाकडाला हात लावू दिला नाही. हत्यारे पुसावयाची, धार लावावयाची आणि ओळीत ठेवावयाची, एवढेच.

त्या ओळीला ते पंगत म्हणत. जमिनीवर तरटाचा तुकडा, त्यावर सागाची एक फळी, आणि फळीवर पटाश्या एकीशेजारी एक, धारा कोरणाऱ्याकडे व मुठी पलीकडे. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते. मूठ हाताशी हवी, असे आपल्याला वाटते. पण नानांचे म्हणणे असे की मुठी साऱ्या सारख्याच. पटाशीची ओळख तिच्या तोंडावर. कोरणाऱ्याची नजर क्षणभर पंगतीवरून फिरते, हवे ते तोंड तिला दिसते आणि हात तिकडे जातो. डावीकडे सरळ तोंडाच्या, मग तिरप्या, मग उथळ गोलाईच्या रुंदीच्या उतरत्या क्रमाने, मग खोल गोलाईच्या, आणि अगदी उजवीकडे ती दोन धारांची, चोचीसारखी. त्यांना त्यांनी नावे दिली होती. नख, कोर, पन्हळ, चिमणी. चिमणी ती चोचवाली. कोर म्हणजे चंद्रकोर. या नावांचा कोशात शोध घेऊ नये. ती नसरापूरच्या एका पत्र्याच्या शेडपुरतीच होती.

पंगतीचे नियम कडक. काम झालेली पटाशी तशीच परत ठेवावयाची नाही. आधी चामड्याच्या पट्ट्यावर तिचे तोंड दोन्ही अंगांनी फिरवावयाचे. न्हाव्याच्या वस्तऱ्याला असतो तसलाच तो पट्टा. “उष्ट्या तोंडानं पंगतीत बसायचं न्हाई,” हे त्यांचे वाक्य. दोन धारा एकमेकींना कधीही लागता कामा नयेत, कारण पोलादाला पोलादच मोडते, आणि एक केसाएवढा दाता पडला की निसण्यावर अर्धा तास जातो. गोल मूठ त्यांना चालत नसे. गोल मूठ घरंगळते आणि खाली पडणारे हत्यार तोंडावरच पडते, म्हणून त्यांच्या साऱ्या मुठी अष्टकोनी, बाभळीच्या. (इस्राएल लोकांचा कराराचा कोश बाभळीच्याच लाकडाचा होता, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली. चांगले लाकूड कोणीही ओळखतो, असा त्या डोलावण्याचा अर्थ असावा.)

मी एकदा विचारले, “नाना, एवढा काटेकोरपणा कशासाठी? चार पटाश्या इकडच्या तिकडे झाल्या तर काय बिघडते?” त्यांनी मोगरी खाली ठेवली. “मास्तर, हत्यार हुडकायला लागलं की मन उठतं. मन उठलं की लाकूड फाटतं.” एवढेच बोलून ते पुन्हा कामाला लागले. मी तीस वर्षे वर्गात एकाग्रतेवर बोलत आलो होतो. इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आले नव्हते. पानाच्या काठाची रेषा कापताना कोरणाऱ्याच्या मनात ती रेषा अखंड चालू असते. लाकडाचे रेषे कोणत्या दिशेला पडले आहेत, कोठे त्यांच्याविरुद्ध कापले की कपची उडेल, याचा हिशेब हातात असतो. तेथे एकदा मान वळवून शोधाशोध केली की तो धागा तुटतो. परत येऊन काप दिला, तर तो दुसऱ्याच माणसाने दिल्यासारखा पडतो.

नानांची हत्यारे गावच्या लोहाराने घडविलेली. ट्रकच्या मोडक्या पाट्यांची, काही जुन्या कानशींची. त्यांवर क्रमांक नव्हते. पुढे मी जी विलायती पद्धतीची हत्यारे घेतली त्यांवर होते. इंग्लंडातील शेफील्ड हे पोलादी हत्यारांचे गाव. तेथील कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकात कोरीवकामाच्या हत्यारांना क्रमांक लावून दिले. १ म्हणजे सरळ, २ म्हणजे तिरपी, ३ पासून ९ पर्यंत गोलाई वाढत जाते, ९ला अर्धवर्तुळ होते, १० आणि ११ त्याहून खोल, आणि चोचवाली ३९. क्रमांक गोलाईचा, रुंदीचे माप वेगळे. म्हणजे चौथ्या क्रमांकाची पटाशी करंगळीच्या नखाएवढी असू शकते किंवा दोन बोटे रुंद. ही पद्धती मला फार शहाणपणाची वाटली. नानांची कोर आणि पन्हळ त्या यादीत कोठे बसतात ते मी मोजून पाहिले. दोघींनाही क्रमांक सापडला. नानांना मात्र त्याचे काही वाटले नाही. “आमच्या लोहाराला आकडं येत नव्हतं,” ते म्हणाले, “गोलाई येत व्हती.”

हा प्रकार आपल्या चर्चमधील कामाच्या इतिहासातही दिसतो. गोव्यातील सोळाव्या-सतराव्या शतकांतील वेद्या, व्यासपीठे, संतांच्या मूर्ती यांपैकी किती तरी स्थानिक, बहुधा हिंदू, कारागिरांच्या हातच्या आहेत. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्ती व वेदीची कामे बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत, असे ठरविले. असा ठराव करावा लागला, यातच तसे सर्रास होत होते याचा पुरावा आहे. आणि ठरावानंतरही काम त्यांच्या हातांखालून जातच राहिले. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ते १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ मध्ये येथे आले. तेथील मूर्तींपुढे मी तासभर उभा होतो. मरियेच्या साडीसारख्या पडणाऱ्या चुण्या, कमळासारखी पाने. कोरणाऱ्यांची नावे बहुतेक कोठेच नाहीत. पण एका पाखरासारख्या देवदूताच्या पंखावर एकाच गोलाईचे काप एकापुढे एक, न चुकता, खालपर्यंत गेले होते. तेथे एकच पटाशी होती आणि कोरणाऱ्याने ती मध्येच खाली ठेवली नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकतो. त्याची पंगत कशी मांडलेली होती ते मात्र कोणी सांगू शकणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या ध्यानात आले की उजव्या बाजूला ठेवलेला चहाचा पेला मला दिसत नाही. समोरचे अक्षर अगदी लख्ख. पटाशीच्या धारेवरचा प्रकाशाचा तंतूसुद्धा दिसे. बाजूचे मात्र जणू कोणी पुसून टाकलेले. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. डोळ्यातील द्रवाचा दाब वाढतो, त्याने दृष्टीची नस हळूहळू मरते. सुरुवात कडेने होते आणि मधली नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब घालावयाचे. घरात एकाला असेल तर भावाबहिणींना व मुलांना असण्याचा संभव अधिक. वाचकांपैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली असेल त्यांनी डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, एवढे विषयांतर मला क्षम्य असावे.

या बातमीचा पहिला आघात मी समजत होतो त्याहून वेगळ्या ठिकाणी बसला. लाकूड मला दिसत होते. ते समोर असते. दिसेनाशी झाली ती पंगत. हत्यारांची फळी उजव्या हाताला, म्हणजे नेमकी माझ्या गेलेल्या नजरेच्या प्रांतात. प्रत्येक पटाशीसाठी मान पूर्ण वळवावी लागे. आणि मान वळली की मन उठते, हे मी नानांकडून शिकलोच होतो. त्यातून धारा माझ्याकडे तोंड करून! न दिसणाऱ्या फळीवर हात घालावयाचा आणि तेथे अठरा धारा वाट पाहत बसलेल्या. त्या वेळी पुण्याजवळच्या एका लहान प्रार्थनालयासाठी क्रूसाच्या वाटेचे चौदा फलक करण्याचे काम मी अंगावर घेतले होते. सागाचे, बारा इंच बाय नऊ इंचांचे. चार झाले होते. मुलगी म्हणाली, “बाबा, फादरांना कळवून टाका. ते समजून घेतील.” तिचे म्हणणे चूक नव्हते. मी आठवडाभर काहीच कळविले नाही.

त्या आठवड्यात मी पंगत उलटी मांडली. धारा पलीकडे, मुठी माझ्याकडे. एका जाड फळीला खाचा पाडल्या, अशा की पटाशी बसली की हलणार नाही आणि मूठ चार बोटे बाहेर राहील. आता ओळख तोंडावरून नव्हे, मुठीवरून पटावयाची. म्हणून मुठीच बोलक्या केल्या. सरळ तोंडाच्यांना बाभूळ तशीच ठेवली, उथळ गोलाईला सागाच्या मुठी, खोल गोलाईला शिसवीच्या. शिसवी हाताला जड लागते आणि थंड. मुठीच्या बुडाशी खाचा, जितकी गोलाई अधिक तितक्या अधिक. चिमणीला तांब्याच्या तारेचे वेढे. आणि दर गटानंतर एक खाच मुद्दाम मोकळी. या मोकळ्या खाचेची उपयुक्तता मला आधी कळली नव्हती. पुढे असे दिसले की बोट फळीवरून सरकताना ती मैलाच्या दगडासारखी लागते. येथे उथळ संपल्या, येथे खोल सुरू. लाकूड शिकंज्यात पक्के आवळावयाचे, दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे, आणि हातातली पटाशी परत बसल्याशिवाय दुसरी उचलावयाची नाही. संध्याकाळी बोटांनी खाचा मोजावयाच्या. गटांमधील तीन मोकळ्या सोडून चौथी खाच रिकामी लागली, तर एक हत्यार कोठे तरी भुशात पडलेले आहे आणि ते सापडल्याशिवाय त्या खोलीत अनवाणी पाऊल टाकावयाचे नाही.

नानांना हे दाखवावयास मी जरा बिचकतच बोलाविले. आता त्यांची ऐंशी उलटली आहे. शेड मुलाकडे आहे. तो प्लायवूडची कपाटे आणि स्वयंपाकघराचे ओटे करतो, आणि चांगले करतो. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही, घर त्यावर चालते. नानांनी फळीकडे पाहिले आणि त्यांची भुवई चढली. “तोंडं तिकडं? पाव्हन्याला भिताडाकडं तोंड करून बसिवल्यावानी.” मग माझ्याकडे पाहून ते थांबले. त्यांनी आपले डोळे मिटले, हात पुढे केला आणि मुठींवरून फिरविला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी एक मूठ उचलली आणि डोळे न उघडता अंगठ्याचे पेर धारेच्या बाजूने, कापून न घेता, नेले. “कोर,” ते म्हणाले. डोळे उघडून पाहिले. कोरच होती. पुढे काही वेळ ते काहीच बोलले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले की शिसवीच्या मुठी थोड्या बारीक कर, पावसाळ्यात फुगतील.

पावसाळा येथे खरोखर कसोटी पाहतो. वेल्ह्याच्या डोंगरावरून येणारी दमट हवा एका रात्रीत पोलादावर तांबूस पापुद्रा आणते. जून ते सप्टेंबर माझ्या पटाश्या खोबरेलाच्या फडक्याने पुसून कॅनव्हासच्या गुंडाळीत, आणि गुंडाळी कापराची वडी टाकलेल्या सागाच्या पेटीत असते. गुंडाळीतही तोच क्रम, त्याच मोकळ्या जागा. नानांच्या घरी खंडेनवमीला हत्यारे धुऊन, हळदकुंकू वाहून पाटावर मांडीत. बाराव्या पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा कामकरी संत योसेफाचा सण ठरविला, त्या दिवशी मीही पेटी पूर्ण रिकामी करून एकेक हत्यार पुसतो. दोन्ही घरी वर्षातून एक दिवस हत्यारांना सुट्टी मिळते. असो.

फलकांचे काम मंद चालले आहे, पण चालले आहे. तिसरे पतन झाले. वस्त्रे काढून घेतल्याचा दहावा फलक गेल्या महिन्यात पुरा झाला. आता अकरावा समोर आहे, खिळे ठोकण्याचा. आणि येथे मी गेले काही दिवस एका विचित्र जागी अडलो आहे.

वसईतील आणि मुंबईतील जुन्या रस्त्याकडेच्या क्रूसांवर दुःखसहनाची साधने कोरलेली असतात, हे वाचकांनी पाहिलेच असेल. हातोडा, सांडशी, शिडी, खिळे. लहानपणी मी ती बोटांनी गिरवीत असे. ती सुताराची हत्यारे आहेत, हे तेव्हा डोक्यात आले नाही. ज्याला नासरेथचे लोक सुतार म्हणून ओळखत, मार्क ६:३ मध्ये ते वाक्य आहे, त्याला शेवटी जी हत्यारे लागली ती त्याने जन्मभर हाताळलेली. मला फलकाच्या खालच्या कोपऱ्यात ती जमिनीवर ठेवलेली दाखवावयाची आहेत. कशी ठेवलेली? पहिल्या रेखाटनात मी ती विखुरली होती, क्रौर्य दिसावे म्हणून. चित्र मनाला पटेना. क्रूर माणूस पसारा करतो, ही चित्रकाराची सोय झाली. तो शिपाई नवखा नव्हता. त्याने असे अनेकांना ठोकले असणार. ज्याला रोज हेच काम आहे त्याचा हातोडा उजव्या हाताशी असेल, खिळे पेरभर अंतराने लावलेले असतील, आणि खिळा शोधण्यासाठी त्याला मान वळवावी लागली नसेल. व्यवस्थितपणा हा सद्गुण आहे, असे मी मुलांना शाळेत शिकवीत असे. त्या शिपायाकडेही तो असेल, हा विचार मला नानांना सांगावयाचा होता, सांगितला तेव्हा ते म्हणाले, “असंल की. हत्यार कुनाचं बी ऐकतं.”

फलकांचा साग एका पडलेल्या वाड्याच्या तुळईतून आणलेला आहे. जुन्या लाकडात खिळे लपलेले असतात आणि ते धारेचे वैरी. एक असाच निघाला. लोहाराने घडविलेला, चौकोनी अंगाचा, मधे थोडा वाकलेला. तो मी फेकला नाही. फलकावरचे खिळे त्याच्यावरून करतो आहे. रेखाटन आता नक्की झाले आहे. हातोडा वर उचललेला, सांडशी जमिनीवर मिटलेली. तिच्याशेजारी दोन खिळे, सरळ, टोके एकाच बाजूला. तिसऱ्याची जागा त्या ओळीत मोकळी आहे, कारण तो हातात आहे. त्या मोकळ्या जागेची जमीन उद्या सकाळी, उजेड समोरून येतो तेव्हा, कोरीने खाली घ्यावयाची आहे.